दर मिनिटाला किती झोके

१ सप्टेंबर

दादाने तीस नोव्हेंबरपर्यंतची मुदत दिली. तोवर तांबडी घोडीचं झुलणं थांबलं तर ती राहील, नाहीतर व्यापाऱ्याला फोन करायचा. हा व्यापारी म्हातारे, लंगडे आणि खोडीचे घोडे घेऊन जातो. कुठे नेतो ते आम्ही विचारत नाही, तोही सांगत नाही. त्याच्या ट्रकमध्ये चढलेला घोडा पुन्हा कुणाच्या नजरेस पडल्याचं मी ऐकलेलं नाही.

झुलणं म्हणजे काय ते आधी नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझाच गोंधळ व्हायला नको. तांबडी ठाणाच्या, म्हणजे तिच्या खोलीच्या, अर्ध्या दारावरून मान बाहेर काढते आणि डोकं डावीकडे नेते, मग उजवीकडे. डोक्याबरोबर अंगाचं वजन एका पुढच्या पायावरून दुसऱ्यावर जातं. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. डोळे उघडे असतात, पण कुठे लागलेले नसतात. काही घोडे लाकूड चावत हवा गिळतात, काही ठाणातल्या ठाणात गोल फिरतात, काही असे झुलतात. मोकळ्या रानातला घोडा यातलं काहीच करत नाही.

आमच्याकडे अकरा घोडे आहेत. चार आमच्या घोडेस्वारीच्या शाळेचे, बाकीचे लोकांनी सांभाळायला ठेवलेले. लोकांना वाटतं की खोड शेजारच्या घोड्याला लागते. तांबडीच्या शेजारच्या ठाणात वकीलसाहेबांचा काळा घोडा आहे. काल ते दादाला म्हणाले, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आणखी काय सांगू?" त्यांनी घोडा हलवला तर त्यांच्यामागे बाकीचेही जातील, हे दादाला माहीत आहे.

"सुटते का अशी खोड?" मी दादाला विचारलं.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

"ही म्हण झाली. पुरावा नव्हे."

"मग तू आण पुरावा, मास्तरीणबाई. तीन महिने देतो."

कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग बंद झाल्यापासून, म्हणजे चार वर्षं, मी इथे व्यवस्थापक आहे. तरी दादा मला मास्तरीणच म्हणतो.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. तांबडीला ही खोड माझ्यामुळे लागली. मार्चमध्ये ती आली तेव्हा, बाहेरचा रोग आत यायला नको म्हणून, मी तिला चाळीस दिवस मागच्या एकट्या ठाणात ठेवलं. समोर भिंत, आजूबाजूला एकही घोडा नाही. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार म्हणाला होता, "एकटं नका ठेवू ताई, घोड्याचं मन फाटतं." मी त्याला पुस्तकातलं पान दाखवलं. बाराव्या दिवशी ती झुलायला लागली.

२ सप्टेंबर

पद्धत ठरवली. रोज दोनदा मोजायचं, सकाळी सव्वासहा आणि संध्याकाळी सव्वापाच, चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, लगेच आधी. तेव्हा ती सर्वांत जास्त झुलते, म्हणून सुधारणा झाली तर तिथेच आधी दिसेल. दारासमोर बादली पालथी घालून बसायचं, वही उघडायची, दहा मिनिटं झोके मोजायचे आणि दर मिनिटाची सरासरी काढायची. रोज तीच जागा, तीच वेळ, तीच बादली. इतर वेळी मला कामं असतात, पण पद्धत एकसारखी असेल तर दोन वेळा पुरतात.

मोतद्दाराला सांगितलं की मी वही मिटेपर्यंत चंदीचं घमेलं बाहेर काढायचं नाही. घमेलं दिसलं की ती आणखी झुलेल आणि मोजणी बिघडेल. वही मिटली की मग पहिलं घमेलं तांबडीला, दुसरं काळ्याला.

"म्हणजे वही मिटली की जेवण," तो म्हणाला.

"हो."

"बरं."

आजची सरासरी ३८.

९ सप्टेंबर

दारावर लोखंडी पट्टी बसवून घेतली. तिच्या खाचेतून मान बाहेर येते, पण बाजूला हलवता येत नाही. पुस्तकांत हा पहिला उपाय आहे. तांबडीने दोन दिवस त्या खाचेतून जगाकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी मान आत घेतली आणि आतच झुलायला लागली. आता मला तिचं डोकं दिसत नाही, अंधारात पाठ हलताना दिसते. पाठीवरून मोजलं, तर ४१.

मी खोडीवर उपाय केला नाही, ती फक्त नजरेआड केली. संध्याकाळी पट्टी काढायला लावली.

१७ सप्टेंबर

ठाणात आरसा लावला. घोड्याला सोबत मिळाल्यासारखं वाटतं म्हणतात.

दादा येऊन बघून गेला. "वा! आता पावडरचा डबाही आणून ठेव."

वहिनी म्हणाली, "अहो, वन्संना तरी कुठे आरशात बघायला वेळ असतो? घोडीला तरी बघू दे."

मी हसले. गेल्या कित्येक महिन्यांत जेवणाच्या टेबलावर हसल्याचं मला आठवत नाही. सरासरी ३१, काल ४१. चोवीस तासांत दहा झोके कमी! एका दिवसावरून काही म्हणायचं नसतं हे मीच वर्गात शिकवत असे. तरी आकडा दोनदा गिरवला.

२४ सप्टेंबर

४४. आरशाचं नवेपण संपलं.

२ ऑक्टोबर

मागची भिंत फोडून खिडकी केली. आता तिला मैदान दिसतं. गवत दिवसातून दोनदाऐवजी पाचदा, बारीक जाळीत, म्हणजे तोंड सतत चालू राहील. रोज चार तास मैदानात, म्हाताऱ्या पांढऱ्या घोडीसोबत. पुस्तकांतलं आणि पुस्तकांबाहेरचं माहीत होतं ते सगळं एकदम केलं. हे चूक आहे, कारण उतरलं तर कशामुळे उतरलं ते कळणार नाही. पण तीनातला एक महिना संपला आणि मला कारण नको आहे, घोडी हवी आहे.

असं वाक्य मी लिहीन असं वाटलं नव्हतं.

९ ऑक्टोबर

४७. आणि आज काळाही झुलला.

मी तांबडीसमोर बसले होते. उजवीकडे काहीतरी हलतंय असं वाटलं म्हणून पाहिलं, तर काळ्याची मान डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. अजून कच्चं आहे, मध्येच थांबतो, पण आहे. मी वही मिटली. मोतद्दाराने घमेली आणली आणि दोघंही खायला लागले.

हे वकीलसाहेबांना सांगायचं की नाही? तांबडीच्या बाजूने विचार केला तर नको. पण घोडा त्यांचा आहे. सहा वाजता फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून विश्वास ठेवतो. तुमच्या भावाने लपवलं असतं."

फोन ठेवल्यावर दादाला सांगितलं. तो जोडा काढत होता. एक पाय जोड्यात, एक बाहेर, तसाच थांबला.

"आधी मला विचारायचं होतंस."

"तू काय म्हणाला असतास?"

"तेच, की आधी मला विचार."

१४ ऑक्टोबर

मोतद्दार खरारा करत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, एकदा दुपारी येऊन बघा."

"काय?"

"तांबडीला. दुपारी झुलत नाही ती. ओठ लोंबकळत ठेवून उभी असते, एक मागचा पाय मोडून. माशी बसली तर कातडी हलते तेवढीच."

"रोज?"

"रोज."

मला त्याचं ऐकावंसं वाटलं, आणि म्हणूनच ऐकलं नाही. त्याचा जीव आहे तिच्यावर. दोन वर्षांपूर्वी जुन्या भुऱ्या घोड्याने खाणं सोडलं तेव्हा हाच "खातो, खातो" म्हणत होता आणि चंदी स्वतः उचलून उकिरड्यात टाकत होता. डॉक्टरला बोलावलं तेव्हा उशीर झाला होता. तो खोटारडा नाही. त्याला जे खरं व्हायला हवं असतं ते तो आधीच झालंय असं सांगतो. अशा माणसाची साक्ष मोजणीत धरता येत नाही.

दुपारी जाऊन बघता आलं असतं. पण शाळेचे वर्ग होते आणि पद्धतीत मध्येच वेळ बदलली तर मागचे सहा आठवडे वाया.

२३ ऑक्टोबर

नालबंद आला होता. तांबडीचा पुढचा पाय मांडीवर घेऊन जुना नाल काढला, उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाला, "बाई, ही झुलते म्हणता?"

"मिनिटाला पन्नास वेळा."

"झुलणाऱ्या घोड्याचे नाल दोन महिन्यांत एका कडेने कागदासारखे होतात. असे मी किती पाहिलेत. हे बघा की, सगळीकडून सारखं. दिवसभर झुलणाऱ्या जनावराचा नाही हा नाल."

मी नाल हातात घेतला. खरंच सारखा होता. ऑगस्टमध्ये आम्ही तिच्या ठाणात रबरी चटई घातली आहे, त्यामुळे झीज कमी होत असणार. तसं त्याला सांगितलं.

"असेल," तो म्हणाला. "तुम्ही शिकलेल्या." आणि खिळा ठोकला.

नोंद: चटईच्या आधीचा नाल तुलनेसाठी मिळेल का ते बघायचं. (मिळाला नाही. मोडीत गेला.)

३ नोव्हेंबर

५२.

सगळे उपाय चालू आहेत, आकडा चढतोच आहे. संध्याकाळी तबेल्यामागे नळाशी उभी राहून रडले. वहिनी कपडे वाळत घालायला आली होती, तिने पाहिलं. जवळ आली नाही, आणि मला ते बरं वाटलं. थोड्या वेळाने चिमट्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "धरा." चादरी संपेपर्यंत मी चिमटे देत होते.

मग तिने विचारलं, "समजा नाही सुटली. तुम्ही काय कराल?"

"तीस तारखेला आकडा सांगेन."

"ते नाही विचारलं मी."

माझ्या नवऱ्याने वेगळं होताना सांगितलं होतं की मी भांडतानाही टिपणं काढते. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

११ नोव्हेंबर

पुस्तकं एका बाबतीत एकमताची आहेत. एकदा मुरलेली खोड पूर्ण जात नाही. कारण काढून टाकलं तर कमी होते, पण शरीर ती विसरत नाही. म्हणजे दादाची म्हण बरीचशी खरी आहे. मी ज्या गोष्टीची मुदत घेतली ती कदाचित होणारीच नव्हती. मग मी तांबडीला तीन महिने दिले की नुसती तारीख दिली?

५४. काळा १९.

१९ नोव्हेंबर

ताप. एकशे दोन. कालची संध्याकाळ आणि आजची सकाळ मोजता आली नाही. पहिल्यांदाच खंड पडला. वहिनीला सांगितलं, पद्धत समजावून दिली.

"मला सव्वापाचला जमणार नाही, माझा स्वयंपाक असतो. तीनला जाते."

"तीनला नको. वेळ तीच हवी."

"वन्सं, घोडीच्या हातात घड्याळ आहे का?"

तीनला गेली आणि चाळीस मिनिटांनी आली. "काही नाही झालं. उभ्या उभ्या झोपली होती बाई. मी मोज्याची अख्खी टाच विणून काढली."

"एकही झोका नाही?"

"एकदा शिंकली. ते धरता का?"

मी वहीत शून्य लिहिलं आणि समोर 'रद्द, वेळ वेगळी' असं लिहून रेघ मारली. वहिनी बघत होती. गोळी आणि पाणी ठेवून गेली.

२१ नोव्हेंबर

ताप उतरला. सव्वापाचला बादलीवर बसले. ६१. आजवरचा सर्वांत मोठा आकडा. वहिनीचं शून्य म्हणजे तिचं मन, आणखी काही नाही. माझं मन राखायला म्हणाली असेल.

२६ नोव्हेंबर

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी अकराला काळ्याच्या ठाणात थर्मामीटर विसरलं होतं ते आणायला गेले. तांबडी मागचा पाय मोडून, ओठ लोंबकळत ठेवून उभी होती. मोतद्दाराने सांगितलं होतं अगदी तशी. मी थांबले. तिने कान माझ्याकडे केला आणि पुन्हा सोडून दिला. पाच मिनिटं उभी राहिले. झोका नाही.

वाटलं, हे लिहून ठेवावं. पिशवीतून वही काढली.

तांबडीचं डोकं वर आलं. ती दाराशी आली, मान बाहेर काढली आणि डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. शेजारी काळ्यानेही मान काढली. मी वही मिटली. दोघंही थांबले आणि दोघांनीही चंदीच्या खोलीकडे बघितलं.

मी पुन्हा उघडली. पुन्हा तेच. मिटली. थांबले, आणि तिकडे बघितलं.

सहा वेळा केलं, साही वेळा तसंच. सातव्यांदा करवेना.

वही उघडली की आता जेवण, पण अजून नाही. दिवसातून दोन वेळा, दहा दहा मिनिटं, मी त्या घोडीसमोर बसून तिला झुलवत होते. ती झुलायची, मी मोजायचे, मग खाणं यायचं. म्हणजे ती झुलली म्हणून खाणं येतं असं मीच तिला शिकवलं. जो आकडा चढताना बघून रडले तो आकडा माझा होता.

आणि काळा. त्याला तांबडीची लागण झालेली नाही. त्याला माझी झाली.

२७ नोव्हेंबर

तीनच दिवस आहेत. खोगिरांच्या खोलीच्या फळ्यांत एक फट आहे, तिच्यातून तांबडीचं दार दिसतं. काळ्याचं दिसत नाही. तिथे बसून पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बघितलं. मोतद्दाराला सांगितलं की मी दिसणार नाही, चंदी तुझ्या सोयीने दे.

दिवसभरात आठ मिनिटं. तीही चंदीच्या खोलीची कडी वाजल्यापासून घमेलं येईपर्यंत. बाकी सगळा दिवस ती खात होती, झोपत होती, मैदानात लोळत होती. खिडकी, जाळी, सोबत या सगळ्याचा उपयोग झाला होता. केव्हापासून, ते मला कधीच कळणार नाही.

मोतद्दाराला सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. तो म्हणाला, "मग आता राहील ना ती?"

२९ नोव्हेंबर

काल अकरा मिनिटं, आज सहा.

उद्या सकाळी दादाच्या खोलीत बसायचं आहे. वकीलसाहेब येणार आहेत. आकडे दोन तक्त्यांत मांडले, एकात समोर बसून मोजलेले, दुसऱ्यात लपून. दुसऱ्यात तीनच ओळी आहेत. वर्गात एखाद्या मुलीने तीन ओळींवरून निष्कर्ष काढला असता तर मी वही परत केली असती.

३० नोव्हेंबर

झालं ते क्रमाने लिहिते.

नऊ वाजता दादाच्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी दोन्ही तक्ते टेबलावर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकलं. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही.

"मला एका शब्दात सांगा. घोडीला खोड आहे की गेली?"

"आहे. पण फक्त..."

"म्हणजे आहे."

"दिवसातून दहा मिनिटं. तीही चंदीच्या वेळी. बाकी मी समोर बसत होते म्हणून."

"तीन महिन्यांचे तुमचे आकडे चुकीचे आहेत का?"

"आकडे बरोबर आहेत. ते कशाचे आहेत ते मला उशिरा कळलं."

"कधी?"

"सव्वीस तारखेला."

"चार दिवसांवरून खात्री देता, की पुन्हा वाढणार नाही?"

दादा माझ्याकडे बघत होता. त्याने भुवया किंचित वर केल्या, लहानपणी परीक्षेच्या वर्गात खिडकीबाहेरून करायचा तशा. त्याला काय हवं होतं ते मला त्या क्षणी कळलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

"चार दिवसांवरून खात्री देता येत नाही," मी म्हणाले.

"माझ्या घोड्याला तिच्यामुळे लागलेलं नाही, याची तरी?"

"मला तसं वाटतं. पण त्याचं लपून मोजलेलं नाही."

वकीलसाहेबांनी तक्ते नीट रचून माझ्याकडे सरकवले. "तुम्ही प्रामाणिक आहात," ते म्हणाले. दादाने फोन उचलला.

ट्रक साडेअकराला आला. मोतद्दार तिला घेऊन फळीवरून वर चढला. ती त्याच्यामागे पाय न अडखळता गेली. तो खाली उतरला आणि फळी वर घेतली गेली. ट्रकला बाजूने लाकडी पट्ट्या होत्या. आत तिचं डोकं दिसलं. डावीकडे, उजवीकडे.

मोतद्दार माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "मोजा ना आता, ताई," तो म्हणाला.

फाटकापर्यंत बावीस झाले.

१ डिसेंबर

दादा दुपारी खोलीत आला, खुर्ची ओढून उलटी बसला.

"तू नुसतं 'हो, देते खात्री' म्हणाली असतीस तरी पुरलं असतं. मी पुढचं बघितलं असतं. त्या माणसाचा माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास आहे."

"पण खात्री नव्हती."

"मला तरी कुठे असते? मी रोज लोकांच्या पोरांना घोड्यावर बसवतो."

तो गेल्यावर खूप वेळ विचार केला. खात्री नव्हती हे खरं आहे. पण ती नसण्याला मी इतकी चिकटून का बसले? खोटं बोलायची भीती होती, की तीन महिने चुकले हे मोठ्याने सांगून झाल्यावर आणखी एकदा चुकायची? यातलं कुठलं खरं ते मला ठरवता येत नाही. ठरवता येत नाही असं म्हणायचीही मला आता लाज वाटते.

४ डिसेंबर

तांबडीच्या ठाणात नवा पेंढा घातला आहे. कुणासाठी ते ठरलेलं नाही. मोतद्दार माझ्याशी कामापुरतं बोलतो. मला "मॅडम" म्हणायला लागलाय.

९ डिसेंबर

वकीलसाहेबांचा फोन आला. आनंदात होते. "काळा थांबला! तीन दिवस मी स्वतः संध्याकाळी येऊन बघतोय, एकदाही मान हलवली नाही. मी म्हणत होतो ना? घोडी गेली आणि खोड गेली." बाकीच्या मालकांच्या माहितीसाठी हे तबेल्याच्या नोंदवहीत असावं, आणि ते मीच लिहावं, अशी त्यांची इच्छा आहे. माझ्या अक्षरात असलं की लोकांना पटतं म्हणाले.

मी विचारलं, "तुमच्या समोर चंदी कशी देतात?"

"कशी म्हणजे? मोतद्दार येतो आणि घालतो."

तांबडी गेल्यापासून मी त्या बादलीवर बसलेली नाही. काळ्यासमोर वही उघडलेली नाही. काळा त्यामुळे थांबला, हे मला माहीत आहे. पण ते सिद्ध करायचं तर पुन्हा त्याच्यासमोर बसून वही उघडावी लागेल, आठवडाभर तरी. तो झुलायला लागेल. मग वकीलसाहेब म्हणतील, याचीही मुरली, आणि दादाच्या टेबलावर फोन आहेच.

म्हणून बसले नाही. ही दया आहे की भित्रेपणा, ते मोजायला माझ्याजवळ काही नाही.

दुपारी नोंदवही काढली. 'तांबडी, तीस नोव्हेंबरला तबेल्यातून गेली.' त्याखाली लिहिलं, 'काळा, सहा डिसेंबरपासून शांत.' दादाने वाचलं आणि बरोबर आहे म्हणाला. बरोबर आहेच. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी ती एकाखाली एक लिहिली आणि सही केली.